डिफ्रॅग करून मांडलेल्या फायली पुन्हा पुन्हा जागा सोडतात, तेव्हा काय तपासायचं

लक्षण असं. रात्रभर डिफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे जोडून त्या डिस्कवर नव्याने मांडणं) लावून फायली हव्या तशा बसवल्या. रोज लागणाऱ्या फायली डिस्कच्या सुरुवातीला, जुन्या आणि अवजड शेवटाला, मध्ये थोडी मोकळी जागा. सकाळी साधनातला डिस्कचा नकाशा उघडला तर सगळं ओळीत. आठ-दहा दिवसांनी तोच नकाशा बघितला तर सुरुवातीच्या पट्ट्यात भलत्याच फायली घुसलेल्या, राखून ठेवलेली जागा भरलेली, आणि ज्या फायलींसाठी एवढा खटाटोप केला त्यांच्यातल्या निम्म्या कुठेतरी मधेच. मग पुन्हा डिफ्रॅग, पुन्हा काहीशे जीबीची उचलठेव, आणि पुन्हा तेच.

मी हे चार महिने केलं. माझ्याकडे १ टीबीची, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्यावर ध्वनिमुद्रणाचं सगळं काम असतं: वाद्यांच्या छोट्या नमुन्यांचा ४० जीबीचा संग्रह, त्यात हजारो बारक्या फायली; रोज बदलणारे प्रकल्प; आणि दीड-दीड जीबीची जुनी मुद्रणं. नमुन्यांचा संग्रह डिस्कच्या सुरुवातीला बसला की प्रकल्प पटकन उघडायचा. मोजके दिवस. मग हळूहळू पहिल्यासारखं. शेवटी डिफ्रॅग करणं थांबवलं आणि फायली नेमक्या कोण हलवतं ते शोधायला बसले. एकच कारण सापडेल असं वाटलं होतं, सापडली चार. चौघांचा उपायही वेगवेगळा आहे.

आधी एक खातरजमा. हे सगळं फक्त फिरत्या डिस्कसाठी आहे. एसएसडीवर फाइल कुठल्या क्रमांकावर दिसते आणि आतल्या चिपमध्ये प्रत्यक्ष कुठे आहे यांचा संबंध आतला कंट्रोलर ठरवतो. तिथे जागा मांडत बसणं म्हणजे फुकट लिखाण करून तिचं आयुष्य कमी करणं. एसएमआर प्रकारच्या फिरत्या डिस्कवरही सांभाळून राहा. त्यांत ट्रॅक (तबकडीवरच्या माहितीच्या गोल रेघा) कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं थोडंसं बदलायचं म्हटलं तरी शेजारचा मोठा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. अशा डिस्कवर पूर्ण डिफ्रॅग दिवसच्या दिवस चालू शकतं आणि शेवटी मांडणी डिस्क आपल्या सोयीनेच ठेवते. विकत घेताना कळलं नसेल तर मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

आणि दुसरी खातरजमा, जी मी आता कधीच चुकवत नाही: स्मार्ट तपासणीतला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यातला) पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे वाचताना अडखळलेल्या बारक्या कप्प्यांचा, आकडा. तो शून्य नसेल तर डिफ्रॅगला हात लावू नका. आधी बॅकअप. मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइल एकदा वाचून दुसरीकडे लिहिणं हा सगळ्यात वाईट सल्ला आहे.

जागेने फरक पडतो तो नेमका कशाने

हे समजून घेतल्याशिवाय मांडणीची आखणी चुकते. माझी चुकली होती.

डिस्कची तबकडी एकाच वेगाने फिरते. बाहेरच्या कडेचा ट्रॅक लांब, त्यात सेक्टर जास्त बसतात; आतला ट्रॅक आखूड, त्यात कमी. म्हणून एका फेऱ्यात बाहेर जास्त माहिती हेडखालून (वाचणाऱ्या टोकाखालून) जाते. सेक्टरचे क्रमांक बाहेरून सुरू होतात, म्हणून डिस्कची "सुरुवात" म्हणजे बाहेरची कड. सलग वाचनाचा वेग सुरुवातीला असतो त्याच्या साधारण निम्म्यावर शेवटाला येतो. वेग मोजणाऱ्या कुठल्याही साधनात हा उतरता आलेख दिसतो. माझ्या डिस्कवर सुरुवातीला सेकंदाला १८० एमबीच्या आसपास आणि शेवटाला ९० च्या आसपास. म्हणजे दीड जीबीचं एक मुद्रण बाहेर असेल तर साडेआठ सेकंदांत, आत असेल तर सतरा सेकंदांत वाचून होतं.

हे वाचून मी सुरुवातीला हट्टच धरला होता की सगळं महत्त्वाचं बाहेर हवं. पण बारक्या फायलींचा हिशेब वेगळा निघतो. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा घ्यायला ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो सेक्टर हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, ४.१७ मिलिसेकंद. हेडला योग्य ट्रॅकवर जायला आणखी साधारण ९. एका उडीला १३ मिलिसेकंद धरा. एखादा प्रकल्प उघडताना ५००० बारक्या फायली लागत असतील आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतील, तर ६५ सेकंद नुसत्या उड्या मारण्यात गेले. प्रत्यक्ष वाचायला लागणारा वेळ त्यापुढे किरकोळ. ६४ केबीची फाइल १८० च्या वेगाने मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या वेळात वाचून होते, ९० च्या वेगाने त्याच्या दुप्पट. तेरासमोर दोन्ही नगण्य.

म्हणून बारक्या फायलींना कड नको असते, शेजार हवा असतो. एकत्र लागणाऱ्या फायली एकमेकींना चिकटून असल्या की उडी लहान होते किंवा लागतच नाही. मग ते गाठोडं डिस्कच्या मधोमध असलं तरी चालतं. बाहेरच्या कडेचा खरा फायदा सलग वाचल्या जाणाऱ्या मोठ्या फायलींना, आणि नेमक्या त्याच मी "अवजड" म्हणून शेवटाला ढकलल्या होत्या. ज्या मोठ्या फायली रोज वाचता त्यांना शेवटाला टाकू नका. आकारावरून नव्हे, वापरावरून ठरवा.

वापरावरून ठरवतानाही एक खड्डा आहे. काही डिफ्रॅग साधनं "शेवटच्या वापराच्या तारखेनुसार" मांडणीचा पर्याय देतात. वाचायला छान वाटतो. पण विंडोज व्हिस्टापासून एनटीएफएसवर (विंडोजच्या नेहमीच्या फाइल रचनेवर) ही तारीख लिहिणं मुळातच बंद ठेवलेलं असतं, आणि विंडोज १० च्याच पुढच्या आवृत्त्यांपासून ते चालू ठेवायचं की नाही हे सिस्टिम स्वतः ठरवते. बंद असेल तर साधन शिळ्या तारखांवर मांडणी करतं. रोज वाचली जाणारी पण कधीच न बदलणारी फाइल त्याच्या लेखी वर्षानुवर्षं पडीक असते. माझा नमुन्यांचा संग्रह तसाच शेवटाला गेला होता. एफएसयूटिल या विंडोजच्या कमांडच्या बिहेव्हियर क्वेरीमध्ये डिसेबललास्टअॅक्सेस विचारलं की स्थिती कळते.

आधी मोजा

नकाशातले रंगीत चौकोन बघून कारण सापडत नाही. एक चौकोन म्हणजे हजारो क्लस्टर (फाइलला जागा देताना वापरलेले सारख्या आकाराचे कप्पे). नेमक्या फायलींचा पत्ता लागतो.

मी दहा फायली निवडल्या: नमुन्यांच्या संग्रहातल्या चार, दोन प्रकल्प, दोन जुनी मुद्रणं, एक सिस्टिमची, एक मुद्दाम बनवलेली आणि कधीच न उघडलेली. ही शेवटची फार उपयोगी पडते. तिला कोणी प्रोग्राम हात लावत नाही, त्यामुळे ती हलली तर डिफ्रॅग करणाऱ्यानेच हलवली हे पक्कं.

विंडोज १० मध्ये अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एफएसयूटिल फाइल क्वेरीएक्सटेंट्स (fsutil file queryextents) असं लिहून पुढे फाइलचा पूर्ण मार्ग द्या. उत्तरात प्रत्येक तुकड्याची एक ओळ येते. त्यातला एलसीएन म्हणजे तो तुकडा त्या पार्टिशनच्या (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाच्या) कितव्या क्लस्टरपासून सुरू होतो. आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) असतो. उदाहरणार्थ १ वर सहा शून्यं असा हेक्स आकडा आला तर तो दशमानात १,६७,७७,२१६ होतो. क्लस्टर नेहमीच्या ४ केबीचा असेल तर ही जागा पार्टिशनच्या सुरुवातीपासून बरोबर ६४ जीबीवर. पार्टिशन डिस्कच्या मध्यावर सुरू होत असेल तर तेवढं अंतर वर मिळवायला विसरू नका. नाहीतर आतल्या कडेच्या फाइलला तुम्ही बाहेरची समजाल.

या दहा फायलींचे पत्ते रोज एका टेक्स्ट फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. मी दोन आठवडे लिहिले. पहिल्या सहा दिवसांत प्रकल्पाच्या दोन्ही फायली चार-चार वेळा हलल्या, बाकीच्या आठ जागच्या जागी. सातव्या दिवशी नमुन्यांतल्या दोन आणि ती कधीच न उघडलेली फाइल, अशा तिघी एकाच रात्रीत हलल्या. दोन वेगळी कारणं कागदावर एकमेकांपासून सुटी झाली.

पहिलं कारण: दोघं जण एकच घर आवरतायत

रात्रीत हललेल्या तिघींचं उत्तर विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळालं. विंडोज लॉग्जमधल्या अॅप्लिकेशन लॉगमध्ये स्रोत डिफ्रॅग, क्रमांक २५८. विंडोजचं स्वतःचं ऑप्टिमायझेशन पूर्ण झाल्याची ती नोंद असते. वेळ जुळली.

विंडोजचं हे काम आपोआप होतं, मूळ सेटिंग आठवड्यातून एकदा. विंडोज ७ मध्ये त्याची ठरलेली वेळ बुधवार, रात्री १ अशी असायची. विंडोज ८ पासून ते मशीन रिकामं असताना देखभालीच्या वेळी होतं. त्याचं उद्दिष्ट तुकडे जोडणं आहे. तुमच्या मांडणीची त्याला माहितीच नसते. तुकडे झालेली फाइल उचलायची आणि अखंड मोकळी जागा असेल तिथे ठेवायची, हा त्याचा सरळ हिशेब. आणि डिस्कवरची सगळ्यात छान अखंड मोकळी जागा कोणती? जी मी वाढीसाठी म्हणून सुरुवातीच्या पट्ट्याजवळ राखून ठेवली होती तीच. त्याने आपलं काम चोख केलं. दुसरं साधन बसवताना पहिलं चालू ठेवलं, ही चूक माझी.

उपाय सोपा आहे: एका डिस्कवर एकच साधन. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडा, चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन ड्राइव्ह निवडण्याच्या यादीत फक्त त्या डिस्कची खूण काढा. संपूर्ण शेड्यूल बंद करू नका. मशीनमध्ये एसएसडीही असेल तर तिचं ट्रिम (पुसलेल्या जागांची तिला वर्दी देणं) याच शेड्यूलवर चालतं. त्याच खिडकीत नव्या ड्राइव्ह आपोआप घेण्याचा पर्याय असेल तर तोही बघा, नाहीतर एखादी बाहेरची डिस्क जोडली की तीही यादीत येते.

जुन्या एक्सपी मशीनवर याचा आणखी एक भाऊ असतो. तिथे प्रीफेच फोल्डरमध्ये लेआउट डॉट आयएनआय नावाची फाइल असते. सुरू होताना कोणत्या फायली कुठल्या क्रमाने लागल्या याची ती यादी, आणि साधारण दर तीन दिवसांनी मशीन रिकामं असताना त्या क्रमाने फायली एकत्र मांडल्या जातात. तुमच्या साधनाने सिस्टिमच्या फायली वेगळ्या लावल्या की दोघांची रस्सीखेच सुरू. यातलं विंडोजचं ऐका. त्याला सुरू होण्याचा खरा क्रम माहीत असतो, तुमच्या साधनाला नसतो. चांगली साधनं हीच यादी वाचून त्याप्रमाणे मांडतात. नसेल वाचत, तर त्या फायली त्याच्या यादीतून वगळा.

दुसरं कारण: फाइल हललीच नाही, नवी जन्मली

प्रकल्पाच्या फायली रोज हलत होत्या आणि डिफ्रॅग तर चाललंच नव्हतं. हे कोडं सुटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून जरा सावकाश सांगते.

आपण सेव्ह म्हणतो तेव्हा जुन्याच जागेवर लिहिलं जातं असं वाटतं. बरेच प्रोग्राम तसं करत नाहीत. ते आधी वेगळ्या नावाने नवी तात्पुरती फाइल पूर्ण लिहितात, मग जुनी काढून नवीला जुन्याचं नाव देतात. वीज मधेच गेली तरी एक तरी धड प्रत उरावी म्हणून. पद्धत उत्तमच आहे. पण जागा क्लस्टरना असते, नावाला नसते. नाव तेच राहिलं तरी आतले क्लस्टर नवे, जिथे त्या क्षणी मोकळे सापडले तिथले. तुम्ही रात्रभर खपून बसवलेली जागा पहिल्या सेव्हला रिकामी होते, आणि त्या फटीत पुढची कुठलीतरी तिसरीच फाइल येऊन बसते. अनोळखी फायली सुरुवातीच्या पट्ट्यात घुसतात त्या अशा.

प्रोग्राम आणि सिस्टिम यांच्या अपडेटचंही हेच. अपडेट म्हणजे त्याच नावाच्या नव्या फायली.

तपासायचं असेल तर अशा एका फाइलचा पत्ता घ्या, प्रोग्राममध्ये उघडून एक अक्षर बदला, सेव्ह करा, पुन्हा पत्ता घ्या. पहिलाच एलसीएन पूर्ण वेगळा आला की समजा.

याला डिफ्रॅगच्या सेटिंगमध्ये उपाय नाही. बदलणारी फाइल पत्त्यावर टिकत नाही, एवढं मान्य करून ती मांडणीतून बाहेर काढायची. ज्या फायली बदलत नाहीत पण खूप वाचल्या जातात त्याच मांडण्यालायक. माझ्या बाबतीत नमुन्यांचा संग्रह. प्रकल्पांसाठी मी मांडणीऐवजी जवळच भरपूर सलग मोकळी जागा ठेवली, म्हणजे नवी प्रत निदान अखंड लिहिली जाते.

तिसरं: मधे उभ्या भिंती

कधी साधन सांगतं काम झालं, पण नकाशात मधोमध न हलणारा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांडणी तुटलेली. पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की वापरायची), हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना मेमरी जिथे उतरवतात ती), एनटीएफएसच्या स्वतःच्या काही फायली आणि रिस्टोअर पॉइंटचा (सिस्टिम मागे नेण्यासाठी जपलेल्या प्रतींचा) साठा, हे विंडोज चालू असताना हलवता येत नाहीत.

कोणती भिंत आहे ते ओळखायची एक आडवाट मला फार आवडते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशनवर श्रिंक व्हॉल्यूम म्हणा, आकडा येऊ द्या आणि तिथूनच रद्द करा. मग अॅप्लिकेशन लॉगमध्ये क्रमांक २५९ ची नोंद बघा. शेवटची न हलणारी फाइल कोणती, तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. एखादा विशिष्ट क्लस्टर कोणाच्या ताब्यात आहे हे एफएसयूटिल व्हॉल्यूम क्वेरीक्लस्टर सांगतं.

हायबरनेशन लागत नसेल तर पॉवरसीएफजी कमांडने बंद करा, फाइल नाहीशी होते. पेजफाइल त्या पार्टिशनवर तात्पुरती शून्य करा, मशीन पुन्हा सुरू करा, मोकळी जागा सलग करून घ्या (डिफ्रॅग कमांडला स्लॅश एक्स दिलं की विंडोज तेवढंच करतं), आणि मग किमान व कमाल आकार सारखाच देऊन पेजफाइल परत बनवा. आकार ठरलेला असला की ती वाढत-आकसत नाही आणि तिचे तुकडे होत नाहीत.

रिस्टोअर पॉइंटची गोष्ट वेगळी, आणि ती न सांगितल्याने लोकांचं नुकसान होतं. क्लस्टर १६ केबीपेक्षा लहान असेल तर डिफ्रॅगने हलवलेले क्लस्टर शॅडो कॉपीच्या, म्हणजे या जुन्या प्रती जपणाऱ्या यंत्रणेच्या, नजरेत "बदललेली माहिती" ठरू शकतात. मग जुनी प्रत जपण्यासाठी साठा फुगतो, मर्यादा संपली की जुने रिस्टोअर पॉइंट गुपचूप पुसले जातात. दर आठवड्याला सगळी डिस्क नव्याने मांडणाऱ्याकडे परत जायला एकही पॉइंट उरलेला नसतो. नव्याने फॉरमॅट करत असाल तर डेटाच्या पार्टिशनला १६ केबी क्लस्टर देता येतो. फक्त एनटीएफएसचं कॉम्प्रेशन ४ केबीच्या वर चालत नाही.

चौथं: जागाच नाही

हे चटकन सांगून टाकते. डिस्क ९० टक्के भरली असेल तर कोणतंही साधन मांडणी टिकवू शकत नाही. एक्सपीचं साधन १५ टक्के मोकळी जागा मागायचं, ती मागणी आजही शहाणपणाची आहे. आधी साफसफाई करा.

मी आता काय करते

डिफ्रॅगने मांडलेली जागा ही विनंती असते. पार्टिशनने दिलेली जागा हा हुकूम असतो. हे कळल्यावर डिस्कचे तीन भाग केले. पहिला, म्हणजे बाहेरच्या कडेचा, १५० जीबी: त्यात नमुन्यांचा संग्रह आणि रोज वाचली जाणारी मोठी मुद्रणं. दुसऱ्यात प्रकल्प, त्याचा तिसरा हिस्सा कायम मोकळा. उरलेला आतला भाग जुन्या मुद्रणांसाठी. प्रोग्रामना नमुने जुन्याच फोल्डरमध्ये हवे होते, म्हणून तिथे एमकेलिंक कमांडने जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) करून नव्या जागेकडे वळवलं. एकाही प्रकल्पात मार्ग बदलावा लागला नाही. पहिल्या भागातली कोणतीही फाइल आता कितीही हलली तरी त्या १५० जीबीच्या बाहेर जाऊ शकत नाही, आणि हेडची उडीही तेवढ्यातच राहते.

पार्टिशन करणं शक्य नसेल तर साधनाकडून थोडंच मागा. डिफ्रॅगलरमध्ये संपूर्ण डिफ्रॅगच्या वेळी मोठ्या फायली शेवटाला नेण्याचा पर्याय आहे. त्यात किमान आकार आणि फाइलचे प्रकार देता येतात. प्रकार जरूर द्या, नाहीतर रोजच्या मोठ्या फायलीही जातात. मायडिफ्रॅगमध्ये स्क्रिप्ट लिहून झोन करता येतात, कुठला फोल्डर कोणत्या झोनमध्ये आणि झोनमध्ये नावाप्रमाणे क्रम. नावाप्रमाणे म्हणजे फोल्डरप्रमाणे, म्हणजे शेजार आपोआप जपला जातो. त्याचा विकास कधीच थांबला आहे, पण नियंत्रण इतकं मोकळं मी दुसरीकडे बघितलेलं नाही. महत्त्वाचं हे की बदलणाऱ्या फायलींचा झोन नेहमी शेवटून दुसरा ठेवा, त्याच्या पुढे मोकळी फट, आणि क्रमवारी लावणारी जड स्क्रिप्ट महिन्यातून एकदाच. आठवड्याला चालवायची ती फक्त तुकडे जोडणारी.

पहिल्या पार्टिशनवर मी वाटणी केल्यापासून एकदाच डिफ्रॅग केलं आहे, फायली आणून टाकल्यावर लगेच. त्या दहांपैकी सहांचे पत्ते अजून त्या टेक्स्ट फाइलमध्ये दर महिन्याच्या १ तारखेला लिहिते. सात महिने झाले, चार नमुन्यांच्या ओळींत एकही आकडा बदललेला नाही. प्रकल्पांच्या दोन ओळी दर वेळी नव्या असतात, पण दोन्हींपुढे तुकड्यांची संख्या १ आहे.